तहकूब सभेला कोरम लागत नाही

आमच्या गावची ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर भरते. नोटीस अकराची, माणसं जमतात साडेबाराला. दोन वर्षांपूर्वी विषय होता नळयोजनेच्या खर्चाचा. पाइपलाइन कुठं संपली आणि पैसे कुठं संपले, हे विरोधी गटाने लावून धरलं होतं. पण सभा सुरू होताच कुणीतरी सरपंचाच्या भावकीच्या अतिक्रमणाचा विषय काढला, आवाज चढले, एक खुर्ची उलटली आणि विरोधी गट "ही सभाच आम्हाला मान्य नाही" म्हणत उठून गेला. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मोडला. ग्रामसेवकाने शांतपणे प्रोसिडिंगला 'सभा तहकूब' असं लिहिलं. पुढे तहकूब सभा झाली तेव्हा पारावर नऊ माणसं होती, त्यातली तीन एसटीची वाट बघत बसलेली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. खर्च सर्वानुमते मंजूर.

युद्धाच्या काळात सरकारला जाब कसा विचारला गेला, हे आपल्या संसदेच्या इतिहासात शोधायला गेलं की मला हा पार आठवतो. लपवणारं सरकार आणि सभागृह बंद पाडणारा विरोधी पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात खरे. पण पुष्कळदा दुसऱ्याने पहिल्याचं काम सोपं करून दिलेलं आहे.

मराठवाड्यात बसून हे लिहायचं तर सुरुवात घरातूनच करावी लागते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निघाली, नळदुर्गावरून आत शिरली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी त्याआधी गावंच्या गावं हैराण केली होती, त्यामुळे इथल्या बहुसंख्य लोकांना ही कारवाई हवीच होती. जुनी माणसं अजूनही "पोलीस ॲक्शनच्या आधी दोन वर्षं" अशी सालं मोजतात. मेख त्या नावात आहे. रणगाडे आले, विमानं आली, चिलखती डिव्हिजन आली, पण कागदावर ती 'पोलीस कारवाई'. युद्धच नाही म्हटल्यावर युद्धाचा हिशेब कोण मागणार?

हिशेब मात्र होता. कारवाईच्या दरम्यान आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते पाहायला १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचं पथक फिरलं. त्यांच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्यांतले दोन आपले. संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सरदार पटेलांना हे पथकच मान्य नव्हतं. अहवाल कपाटात गेला आणि दिल्लीतल्या ग्रंथालयात वाचायला मिळेपर्यंत २०१३ उजाडलं. इथे कुठल्या विरोधी पक्षाने सभागृह अडवलं नव्हतं. लोकांना हवी असलेली लढाई होती, म्हणून प्रश्नच उठला नाही. नावडत्या युद्धाला निदान विचारणारे तरी असतात.

त्या फौजेचे सेनानी होते मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. पुढे वर्षभराहून अधिक काळ ते हैदराबादचे लष्करी गव्हर्नर होते, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे त्यांच्या अमलाखाली. हेच चौधुरी नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून झालेल्या पराभवानंतर, लष्करप्रमुख झाले आणि त्या पराभवाची चौकशी त्यांनीच लावली.

१९६२ वर जरा थांबायला हवं, कारण ऐन युद्धात सरकारला विचारणं शक्य असतं, हे तेव्हा दिसलं. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. संसदेचं अधिवेशन व्हायचं होतं ते नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेत होते, चाळिशीही गाठली नव्हती. अधिवेशन आधी बोलवा, ही त्यांची आणि इतरांची मागणी नेहरूंनी मानली आणि ८ नोव्हेंबरला सभागृह बसलं. सैन्य मागे हटत होतं आणि इकडे खासदार उभे राहून विचारत होते. अपक्ष खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी सुचवलं की बैठक गुप्त घ्यावी. नेहरूंनी नाही म्हटलं, बोलायचं ते उघड्यावर. लोकसभेतल्या त्या चर्चेत १६५ सदस्य बोलले. आज १६५ जण एका विषयावर बोलतील, हे मला तरी स्वप्नातसुद्धा दिसत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे विचारणाऱ्यांत स्वपक्षाचे लोक होते. चीनने बळकावलेल्या लडाखकडच्या अक्साई चीनमध्ये गवताचं पातंही उगवत नाही, असं नेहरू म्हणाले तेव्हा काँग्रेसच्याच महावीर त्यागींनी आपलं टक्कल दाखवून विचारलं होतं, इथेही काही उगवत नाही, मग हेही कापून द्यायचं का? ती गोष्ट युद्धाच्या वर्षभर आधीची. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना अखेर जावं लागलं तेही मुख्यतः काँग्रेस संसदीय पक्षातल्या नाराजीमुळे. ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून बोलावणं आलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. आपल्या माणसाला तिथे जाऊन कसलं गाठोडं सोडायचं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव आणला. तो पडणार हे मांडणाऱ्यालाही ठाऊक होतं. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण चार दिवस सरकारला बसून ऐकावं लागलं. पोटनिवडणुकीतून नुकत्याच आलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी त्याच चर्चेत सांगितलं की या देशातला बहुसंख्य माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो. चीनच्या युद्धाचा हिशेब मागता मागता गोष्ट भाकरीपर्यंत आली. कामकाज बंद न पाडता सरकार किती अडचणीत आणता येतं, याचा माझ्या मते याहून चांगला नमुना नाही.

आता दुसरी बाजू. चौधुरींनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे चौकशी दिली ती फक्त लष्करी कारवाईपुरती. मंत्री आणि मंत्रालय तिच्या कक्षेबाहेर. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं : प्रशिक्षण अपुरं, साहित्य अपुरं, हुकमाच्या साखळीत गोंधळ. मूळ अहवाल त्यांनी ठेवला नाही. त्याचा काही भाग ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी मार्च २०१४ मध्ये बाहेर काढला. त्यातली एक नोंद वाचून मी पुस्तक मिटावं तसा फोन बाजूला ठेवला होता : संरक्षणमंत्र्यांच्या उच्चस्तरीय बैठकांचं इतिवृत्त ठेवू नये, अशी सूचना मेनन यांनी दिली होती, कारण विषय अतिगोपनीय. आमच्या ग्रामसेवकाने निदान 'तहकूब' तरी लिहिलं होतं.

अहवाल अजून बंदच आहे. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. ॲन्टनी म्हणाले, त्यातला मजकूर आजही लष्करीदृष्ट्या कामाचा आहे. भाजप विरोधात असताना तो खुला करा म्हणत होता. सत्ता आली आणि जुलै २०१४ मध्ये संरक्षण खातं सांभाळणाऱ्या अरुण जेटलींनी राज्यसभेला सांगितलं की तो उघड करणं देशहिताचं नाही. बाकं बदलली, उत्तर तेच.

श्रीलंकेतलं युद्ध मात्र खरंखुरं नावडतं होतं, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला आणि सैन्य गेलं 'शांतिसेना' म्हणून. पुन्हा नावाचीच करामत. ऑक्टोबरमध्ये ज्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावायचं होतं त्या तमिळ वाघांशीच (एलटीटीई) लढाई जुंपली. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांपैकी २९ मारले गेले. मार्च १९९० पर्यंत सुमारे १,२०० जवान गेले.

त्या वर्षांत संसद काय करत होती? बोफोर्स, म्हणजे स्वीडिश तोफांच्या खरेदीतली दलाली. लोकसभेत काँग्रेसचे ४०० च्या वर खासदार, त्यामुळे मतांनी काही होणार नव्हतं आणि विरोधकांकडे घोषणा उरल्या होत्या. बोफोर्सवर संयुक्त संसदीय समिती नेमली तर त्यांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. समितीने सरकारला हवा तसा अहवाल दिला. जुलै १९८९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला तेव्हा लोकसभेतल्या बहुतेक विरोधी सदस्यांनी सामूहिक राजीनामे दिले. निवडणूक जिंकायला ते पुरेसं ठरलं. पण तोफेची दलाली विचारली गेली आणि लंकेतला जवान राहूनच गेला.

आमच्या गल्लीत एक माजी सैनिक आहेत, तिथे दोन वर्षं होते. सगळे त्यांना फौजी अण्णा म्हणतात. एकदा हॉटेलात चहा पिताना विचारलं, अण्णा, तुमच्याबद्दल तेव्हा कुणी काही विचारलं का? बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आम्हाला कोन इचारतंय? एलेक्शनमंदी बोफोर्स होतं, आम्ही नव्हतो." मद्रासच्या बंदरात परतलेल्या तुकड्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेलेच नाहीत. पुढे १९९७ मध्ये लंकेच्या प्रश्नाने संसद पुन्हा ठप्प झाली, पण ती राजीव गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाच्या अंतरिम अहवालावरून. अहवालात द्रमुकवर ठपका होता, म्हणून बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसला द्रमुकचे मंत्री सरकारबाहेर हवे होते. गुजराल सरकार पडलं. अण्णांचा प्रश्न तेव्हाही विषयपत्रिकेवर नव्हता.

मधल्या काळात एक बरी गोष्ट घडली आणि तिला लातूरचा हात लागलेला आहे. शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष असताना १९९३ मध्ये खात्यानिहाय १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. संरक्षणासाठी त्यातली एक. बंद दाराआड, कॅमेरा नाही, त्यामुळे तिथे सगळ्या पक्षांचे खासदार अधिकाऱ्यांना बऱ्यापैकी सरळ प्रश्न विचारतात. गंमत अशी की त्यांच्याच कारकिर्दीत प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला, आणि अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरण्याची हौसही वाढली, असं माझं निरीक्षण आहे.

मग कारगिल. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, लोकसभा विसर्जित झाली आणि मे महिन्यात घुसखोरी उघड झाली. देश काळजीवाहू सरकारच्या हाती. काँग्रेसने मागणी केली की राज्यसभा तर विसर्जित होत नाही, तिचं अधिवेशन बोलवा. १९६२ मध्ये नेहरूंकडे नेमकी हीच मागणी घेऊन गेलेले वाजपेयी आता पंतप्रधान होते. अधिवेशन झालं नाही. माहिती-प्रसारण खातं आपल्या अंबाजोगाईच्या प्रमोद महाजनांकडे होतं. त्यांनी केबलवर पाकिस्तान टीव्ही बंद करून टाकला. युद्ध संपल्यावर संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये काही मजकूर गाळून का होईना, संसदेत ठेवला गेला. हे श्रेय त्या सरकारला द्यायलाच हवं. आधीच्यांनी तेवढंही केलं नव्हतं.

कारगिलमध्ये ५२७ जवान गेले. पूर्वी गावात बहुधा तार यायची, मागून काळी ट्रंक. या वेळी तिरंग्यातल्या पेट्या थेट गावात आल्या, शाळेच्या मैदानावर उतरल्या. म्हणूनच डिसेंबर २००१ मध्ये महालेखापरीक्षकांनी अमेरिकेतून ५०० ॲल्युमिनियम शवपेट्या नगाला २,५०० डॉलरने घेतल्याच्या व्यवहारावर ताशेरे ओढले तेव्हा ते फार झोंबलं. विरोधकांच्या घोषणा 'कफनचोर' अशा. १३ डिसेंबरच्या सकाळी याच गोंधळात दोन्ही सभागृहं अकरा वाजून काही मिनिटांतच तहकूब झाली. संसदीय कामकाजमंत्री होते महाजन. अकरा चाळीसच्या सुमाराला संसदेच्या आवारात दहशतवाद्यांची गाडी शिरली.

त्यानंतर दहा महिने सैन्य सीमेवर उभं राहिलं. लढाई झालीच नाही, तरी सुरुंग आणि अपघातांत माणसं गेली. या काळात प्रश्न विचारायचे ते संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिसांना, आणि ते बोलायला उभे राहिले की विरोधी बाकं उठून बाहेर जायची, कारण संरक्षण खरेदीतल्या लाचखोरीच्या तहलका प्रकरणात राजीनामा दिल्यानंतर त्यांना पुन्हा मंत्री केल्याचा राग. बहिष्कार तत्त्वाचा असेलही. पण मंत्र्याला एवढं सोयीचं काय असतं? लोकलेखा समितीने चिकाटी धरली आणि संरक्षण खरेदीवरचा केंद्रीय दक्षता आयोगाचा अहवाल मागितला. तो गोपनीय म्हणून सरकारने दिला नाही. तिथे सरकार अडवत होतं, सभागृहात विरोधक.

२०१३ मध्ये विशेष न्यायालयाने शवपेट्यांच्या खटल्यातल्या आरोपींना दोषमुक्त केलं, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली. ज्या पेट्या आल्या होत्या त्या वापरात न येता खटल्यात अडकून पडल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये तवांगजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले आणि त्यांचे मृतदेह पुठ्ठ्यात बांधलेले फोटो सगळ्या फोनवर फिरले. फौजी अण्णांनी माझ्या मोबाइलवर तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

"मागं पेट्या आनल्या म्हनून भांडले होते ना दिल्लीत," ते म्हणाले, "त्या कुठं ठिवल्यात?"