दत्तक घेतलेल्या कुत्र्याचं नवं नाव : बिल्ल्यावर कोरण्याआधी

कुत्रा दत्तक घेतला की बरेच जण त्याच संध्याकाळी नाव कोरून घ्यायला आमच्या दुकानात येतात. आमची विनंती अशी, की पहिल्या दिवशी बिल्ल्यावर फक्त तुमचा मोबाइल नंबर कोरून घ्या. बावरलेला कुत्रा सुरुवातीला दार उघडं दिसलं की पळू शकतो, आणि ज्याला तो सापडेल त्याला उपयोग नंबराचाच. नाव सावकाश ठरू द्या.

आधी जुनं नाव होतं का, ते विचारा. रस्त्यावरच्या कुत्र्याला तर अनेकदा दोन-तीन नावं असतात : वॉचमनकाकांचा 'काळू', चहाच्या टपरीवरचा 'शेरू', रोज पोळी घालणाऱ्या आजींचा 'राजा'. तो दुसरीकडे बघत असताना नेहमीच्या आवाजात एकेक नाव घेऊन पाहा. मान वळण्याआधी कान हलतो, तिकडे लक्ष ठेवा. शेपूट हलली, तर तेच नाव ठेवायला काय हरकत आहे? पण एखादं नाव ऐकताच तो कान पाडून, अंग चोरून बसला, तर ते नाव घेऊन त्याला कोणी मारलं असण्याची शक्यता आहे. ते पुन्हा उच्चारू नका.

नवं नाव दोन अक्षरी, फार तर तीन. मोती, वाघ्या, खंड्या ही नावं हाकेला सुटसुटीत आहेत. शिकवायच्या शब्दांशी गल्लत नको : तांबूस कुत्र्याचं नाव हौसेने 'तांबू' ठेवलं, तर 'थांब' म्हटल्यावर त्याने थांबायचं की यायचं? घरात सोनू नावाचं मूल असेल तर कुत्रा 'मोनू' नको. जुनं नाव पक्कं असून बदलायचंच असेल, तर काही दिवस नवं आधी आणि जुनं लगेच मागून घ्या, 'मोती, शेरू'. मग जुनं हळूहळू गाळा.

नाव शिकवायला उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे घ्या. शांत खोलीत नाव एकदाच घ्या. त्याने पाहिलं की त्याच क्षणी तुकडा द्या. नाही पाहिलं, तर 'मोती मोती मोती' असा धोशा लावू नका. थोडं थांबून, जवळ जाऊन पुन्हा एकदा. एका वेळी पाच-सहा हाका पुरेत. घाबरट कुत्रा हातातून घेत नसेल, तर तुकडा जमिनीवर टाका आणि त्याच्याकडे रोखून बघू नका. खोलीत जमलं की गॅलरीत, मग पट्टा लावून गेटपाशी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाव घेतल्यावर त्याच्या वाट्याला चांगलंच यायला हवं. 'मोती, काय करून ठेवलंस हे!' असं एकदाही नको. अंघोळ, नखं कापणं, इंजेक्शन यासाठी हाक मारून बोलावू नका; स्वतः जाऊन प्रेमाने घेऊन या. जिवाच्या भीतीने जगलेल्या प्राण्याला निर्धास्तपणे ऐकता येईल असा एक तरी शब्द आपण द्यायलाच हवा. पहिला महिनाभर घरातल्या सगळ्यांनी एकच नाव वापरा. पिल्लू, बाळा, गुंड्या ही लाडाची नावं नंतर आहेतच.

नाव पक्कं झालं की लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टरांकडून बदलून घ्या. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकेचा परवाना काढावा लागतो, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. दोन्हींवर नाव एकच असू द्या.