ग्राफाइटच्या थरांत शिरलेले पाहुणे

तीव्र गंधकाम्लात ठेवलेलं ग्राफाइट फुगतं, ही नोंद जर्मन शास्त्रज्ञ कार्ल शाफहॉयट्ल यांनी 1840-41च्या सुमारास केली. ते का फुगतं, हे सांगायला तेव्हा कुणाकडेच काही नव्हतं. कार्बनच्या एकाच थरातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. थराथरांतलं अंतर मात्र 0.335 नॅनोमीटर आणि ओढ अगदी दुबळी. त्या फटीत परका अणू शिरू शकतो, हे कळायला क्ष-किरणांची वाट पाहावी लागली.

1926मध्ये फ्रेडेनहागन आणि काडेनबाख यांनी ग्राफाइटला पोटॅशियमची वाफ दिली. आठ कार्बनमागे एक पोटॅशियम बसलं की काळं ग्राफाइट चक्क सोनेरी-तांबूस दिसू लागतं. चोवीस कार्बनमागे एक असेल तर पोलादी निळं. सोनेरी पूड हवेत उघडी पडली तर पेट घेते, म्हणून हे सगळं बंद काचनळीत चालायचं. पुढे क्ष-किरणांनी दाखवलं की पाहुणे वाटेल तसे घुसत नाहीत. सोनेरी संयुगात प्रत्येक फट भरलेली, निळ्यात एक सोडून एक. या क्रमाला ‘स्टेज’ म्हणतात.

मग पेच असा, की दुसऱ्या स्टेजमधून पहिल्या स्टेजला जाताना रिकाम्या फटी भरायच्या कशा? कार्बनच्या जाळीतून आरपार जाणं अणूंना जवळपास अशक्य. 1969मध्ये दोमा आणि एरॉल या फ्रेंच संशोधकांनी उत्तर सुचवलं: कुठलीच फट पूर्ण रिकामी नसते. प्रत्येकीत अणूंची बेटं असतात, थर त्यांच्याभोवती वाकतात आणि स्टेज बदलताना बेटं आडवी सरकतात. माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी कल्पना हीच.

इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत ग्राफाइट दोन्हीकडून खेळतं. पोटॅशियमकडून इलेक्ट्रॉन घेतं, गंधकाम्लाला देतं. मुळात त्यात मोकळे वाहक फारच कमी, दहा हजार अणूंमागे एखादा. त्यामुळे अशी देवघेव झाली की वाहकता एकदम वाढते. सत्तरच्या दशकात आर्सेनिक पेंटाफ्लोराइड भरलेल्या ग्राफाइटची वाहकता तांब्याइतकी, किंबहुना जास्त असल्याचे दावे झाले. विषारी आणि हवेत न टिकणाऱ्या मालाच्या तारा ओढणार कोण? त्या आशेपेक्षा, तिच्यामुळे झालेला अभ्यास जास्त टिकला. भौतिकशास्त्रज्ञ मिल्ड्रेड आणि जीन ड्रेसेलहाउस यांचा 1981चा विस्तृत आढावा आजही चाळला जातो.

बाजी मारली लिथियमने, तीही बॅटरीत. सहा कार्बनमागे एक लिथियम बसतं आणि अंतर जेमतेम 0.37 नॅनोमीटर होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक रशीद याझामी यांनी ते विजेच्या जोरावर आत-बाहेर करून दाखवलं. पण तेव्हाची द्रव विद्युत्-अपघटनी (बॅटरीत आयन वाहून नेणारं द्रावण) ग्राफाइटचे थर सोलून काढायची, म्हणून 1991च्या सोनीच्या बॅटरीत ग्राफाइटऐवजी कोकसारखा कार्बन होता. एथिलीन कार्बोनेट या द्रावकाने ती अडचण सुटली.

अतिसंवाहकतेची, म्हणजे अतिथंड तापमानात वीज विनाअडथळा वाहण्याची, कहाणी वेगळीच. 1965मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेला पोटॅशियमच्या संयुगात ती सापडली, पण 1 केल्विनच्याही खाली. 2005मध्ये कॅल्शियमच्या संयुगाने 11.5 केल्विन गाठले. एका स्पष्टीकरणानुसार, त्यासाठी थरांमधल्या जागेतही थोडे इलेक्ट्रॉन उरावे लागतात. लिथियम आपला इलेक्ट्रॉन जवळपास पूर्ण देऊन टाकतं. म्हणून बॅटरीतल्या लिथियमच्या संयुगात अतिसंवाहकता आढळलेली नाही.