कबुतराच्या नजरेतला कडा

सह्याद्रीच्या कड्यांत आणि जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत राहणारा पारवा आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर घुमणारे कबुतर हे एकाच जातीचे पक्षी आहेत. कोलंबा लिव्हिया हे त्या जातीचे शास्त्रीय नाव. माणसाने हजारो वर्षांपूर्वी हा पक्षी पाळला आणि पाळलेल्यांपैकी जे सुटले त्यांच्यापासून शहरांतले थवे वाढले. घरट्याची जागा निवडण्याची त्यांची रीत मात्र तीच राहिली. या पक्ष्याला झाडाची ओढ नसते. त्याला उभा कडा, त्यात पाय टेकण्यापुरती सपाट कपार आणि डोक्यावर थोडा आडोसा हवा असतो. छज्जा, एसीच्या आउटडोअर युनिटमागची फट आणि बाथरूमचे पाइप जातात तो डक्ट या तिन्ही ठिकाणी हे सगळे त्याला आयते मिळते. इमारतीवरची कबुतरे कमी करायची असतील, तर पक्ष्याला घाबरवण्यापेक्षा ही कपार नाहीशी करणे हाच खरा उपाय आहे, असे माझे मत आहे, आणि ते पक्ष्याच्या शरीररचनेशी व सवयींशी ताडून पाहता येते.

कबुतराची विष्ठा म्हणजे नुसता डाग नव्हे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर काही माणसांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुफ्फुसांचा आजार होतो आणि दुर्लक्ष झाल्यास फुफ्फुसे कायमची आखडतात. विष्ठेवर वाढणाऱ्या बुरशीतून निघणारी आम्ले चुनखडीचा दगड झिजवतात. मुंबईत हा प्रश्न इतका तापला, की २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले आणि पुढच्याच महिन्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली. त्या वादात दोन्ही बाजूंची माणसे मनापासून बोलत होती. पण घरोघरीच्या छज्ज्यांचे आणि डक्टचे काय करायचे, याविषयी फारच थोडी चर्चा झाली.

बाजारात सर्वाधिक खपतात ती घाबरवण्याची साधने. प्लॅस्टिकचे घुबड, चकाकणाऱ्या पट्ट्या, दोरीला टांगलेल्या सीडी यांना कबुतरे पहिले काही दिवस बिचकतात. त्यापासून काहीच इजा होत नाही हे कळले, की त्यांच्या शेजारीच येऊन बसतात. अल्ट्रासाउंड सोडणाऱ्या यंत्रांची गोष्ट त्याहून स्पष्ट आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कबुतराच्या कानाची वरची मर्यादा ६ किलोहर्ट्‌झच्या आसपासच संपते. याउलट माणसाला अजिबात न कळणारे अतिमंद कंप त्याला जाणवतात. म्हणजे जो आवाज आपल्या कानापलीकडचा म्हणून विकला जातो, तो कबुतराच्या कानाच्या तर फारच पलीकडचा असतो. पकडून दूर नेऊन सोडणेही व्यर्थ आहे, कारण घरी परतण्याच्या ज्या क्षमतेमुळे माणसाने त्याच्याकरवी निरोप धाडले, तीच क्षमता त्याला पुन्हा तुमच्या खिडकीत आणते. चिकट जेल लावण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. त्यात पिसे माखतात, लहान पक्षी अडकून पडतात आणि रस्त्यावरची धूळ बसली की जेल निकामी होते.

कपार नाहीशी करण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे उतार. सपाट छज्ज्यावर ४५ अंश किंवा त्याहून अधिक कोनात गुळगुळीत पत्रा बसवला, तर कबुतराच्या नख्यांना पकड मिळत नाही आणि काडी ठेवली तरी ती घसरून जाते. नव्या इमारतीचा आराखडा काढतानाच असे उतार दिले, तर पुढचा बराच खर्च वाचेल. दुर्दैवाने त्या वेळी हा विचार क्वचितच होतो. कठड्याच्या अरुंद काठासाठी ताणलेली तार चांगली. दोन लहान खुंट्यांमध्ये स्प्रिंग लावून बारीक स्टीलची तार ताणतात. पक्षी उतरू लागला की ती पायाखाली डुलते आणि तोल सावरता न आल्याने तो उडून जातो. खालून ही तार जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे जुन्या वारसा इमारतींवर ती शोभते.

काट्यांच्या पट्ट्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. चांगल्या पट्टीतल्या तारांची टोके बोथट असतात. पक्ष्याला टोचणे हा त्यांचा हेतू नसून बसायला जागा न ठेवणे हा असतो. मात्र पट्टी छज्ज्याच्या अगदी कडेपर्यंत यायला हवी, नाहीतर कबुतर पुढच्या मोकळ्या पट्ट्यात बसते. जिथे पक्षी केवळ विसाव्याला येतात तिथे काटे उपयोगी पडतात. जिथे वीण चालू आहे तिथे त्याच काट्यांत काड्या अडकून घरटे अधिकच पक्के होते. नेदरलँड्सच्या नॅचरॅलिस संग्रहालयातील संशोधक आउके-फ्लोरियन हिमस्ट्रा यांनी २०२३ मध्ये याचे एक विलक्षण उदाहरण नोंदवले. बेल्जियममधील अँटवर्पच्या एका रुग्णालयाच्या आवारात मॅगपाय पक्ष्यांनी इमारतीवरचे काटे उपटून घरटे बांधले होते आणि त्यात सुमारे १,५०० काटे होते. कावळ्याच्याच कुळातल्या या पक्ष्यांनी घरट्याच्या छतावर ते टोके बाहेर करून रचले होते, म्हणजे पक्ष्यांना हाकलण्याचे साधन त्यांनी अंड्यांच्या राखणीला लावले होते.

डक्ट आणि बाल्कनीसाठी जाळीला पर्याय नाही. कबुतरासाठी ५० मिलिमीटरचे भोक चालते; त्यातून चिमणी आरपार जाते. चिमणीलाही अडवायचे असेल तर १९ मिलिमीटरची जाळी लागते, पण तशी गरज फार थोड्या ठिकाणी असते आणि चिमणीला विनाकारण अडवू नये असे मला वाटते. जाळीचा धागा उन्हात न कुजणारा हवा. त्याहून महत्त्वाचा असतो तो ताण. चारही कडांना स्टीलची तार फिरवून तिच्यावर जाळी ओढून बसवली, तर पक्षी आपटला तरी परत फिरतो. झोळीसारखी लोंबणारी जाळी मात्र त्याच्या पायात आणि पंखात गुंतते आणि मग तो तडफडत मरतो. फाटलेला कोपरा तर सर्वांत वाईट, कारण आत शिरलेल्या कबुतराला बाहेरची वाट सापडत नाही. पावसाळ्यानंतर जाळीची एक फेरी करणे म्हणूनच आवश्यक आहे.

आमच्या इमारतीत काही वर्षांपूर्वी हीच चूक झाली. जाळी लावणाऱ्या माणसांनी डक्ट नीट न पाहता एका दुपारी तो बंद केला आणि रात्रभर आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहिला. सकाळी टॉर्च मारून पाहिले तेव्हा पाइपच्या वळणावर घरटे दिसले. आठदहा काड्या, झाडूचा एक हीर आणि वायरचा तुकडा एवढेच त्याचे सामान होते. कबुतरे पिल्लांची विष्ठा घरट्याबाहेर टाकत नाहीत, त्यामुळे काड्यांभोवती तिचा घट्ट, मातकट कठडा तयार झाला होता. त्यात पिवळट लव असलेली दोन पिल्ले चोची उघडून बसली होती. त्यांचे आईबाप जाळीबाहेर पंख आपटत होते. कबुतराचे पिल्लू सुरुवातीचे दिवस नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या स्रावावर जगते. पालक तुटले की ते जगत नाही. आम्ही जाळीचा एक कोपरा लगेच सोडवला.

मारून किंवा पकडून संख्या घटत नाही, हे स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने दाखवून दिले आहे. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली, तरी थवा २०,००० च्या आसपासच राहिला, कारण रिकामी झालेली जागा आणि उरलेले अन्न पुढची पिढी लगेच वापरत होती. १९८८ पासून दाणे टाकणे कमी करण्यासाठी नागरिकांना समजावण्याची मोहीम सुरू झाली, सोबत देखरेखीखालच्या कबुतरघरांतून अंडी काढली गेली, आणि सुमारे चार वर्षांत ही संख्या निम्म्यावर आली. खालच्या चौकात पोतेभर ज्वारी पडत असेल, तर वरच्या मजल्यावरच्या जाळीने तेवढा एक डक्ट वाचतो आणि पक्षी शेजारच्या इमारतीत जातात.

काम करण्याचा क्रमही ठरलेला असावा: आधी पिल्ले उडू द्यावीत, मग साफसफाई करावी आणि नवी अंडी येण्याआधी जाळी बसवावी. कबुतर एका वेळी दोन अंडी घालते, ती १७ ते १९ दिवस उबवली जातात आणि पिल्ले साधारण महिन्याभराने उडतात. शिवाय आधीची पिल्ले घरट्यात असतानाच दुसरी वीण सुरू होऊ शकते. म्हणून नुसते थांबून चालत नाही, रोज पाहावे लागते. साफ करताना विष्ठा आधी पाण्याने भिजवावी, कोरडी कधीच झाडू नये, आणि नाकातोंडावर एन-९५ मास्क असावा.

आमच्या डक्टमधली पिल्ले चौथ्या आठवड्यात उडाली. त्याच दिवशी खालच्या पाइपवर तीन नव्या काड्या आलेल्या दिसल्या. अंडे अजून नव्हते. त्या संध्याकाळी काड्या काढून, सगळे भिजवून धुऊन घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जाळी चारही बाजूंनी ताणून बसवली. ती जोडी दोन दिवस समोरच्या गच्चीच्या कठड्यावर बसून डक्टकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती दिसली नाही.