लिपी रोमन, म्हणून इंग्रजी सोपी?

‘इंडोनेशियातली मुलं जन्मापासून एबीसीडीच गिरवतात, त्यांना इंग्रजी काय जड जाणार?’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. उलट ओळखीची लिपीच त्यांना फसवते. इंडोनेशियन भाषेत बहुतांशी जसं लिहिलं तसं वाचायचं. तिथे ‘सी’ या अक्षराचा उच्चार कायम ‘च’. लिहिलं तसं वाचायच्या सवयीने इंग्रजी ‘नाइफ’ (knife) शब्द समोर आला की नवखा विद्यार्थी सरळ ‘क्निफे’ वाचतो. त्याच्या जागी कोणीही तेच वाचेल!

खरी अडचण क्रियापदात आहे. ‘जातो’, ‘गेलो’, ‘जाईन’ असे फरक करायची सवय आपल्याला घरातूनच असते. इंडोनेशियन क्रियापद मात्र काळानुसार बदलत नाही. ‘काल’ किंवा ‘सुदाह’ (झालं, आधीच) असा शब्द जोडला की भागतं. म्हणून ‘यस्टरडे आय गो’ त्यांच्या कानाला खटकत नाही.

त्यात २०१३च्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेत इंग्रजी सक्तीची नव्हती. पूर्व जावातल्या पारे गावी ‘काम्पुंग इंग्रिस’ म्हणजे ‘इंग्रजी गाव’ नावाची क्लासेसची अख्खी वसाहत आहे. देशभरातून मुलं तिथे खोल्या घेऊन राहतात, फक्त इंग्रजी बोलायला शिकण्यासाठी.