मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी ठप्प

इलेक्ट्रिक गाडी जागची हलेना झाली की पहिली शंका येते ती चार्जिंग संपल्याची. पण जर्मनीतल्या एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेची बिघाडांची आकडेवारी पाहिली, तर इलेक्ट्रिक गाड्यांतही सर्वाधिक दोष निघतो तो साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा. पेट्रोल-डिझेल गाडीत असते तीच ही बॅटरी. अजूनही बहुतेक गाड्यांत ती शिसं आणि सल्फ्युरिक आम्लाचीच असते. हा प्रकार गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधला.

पहिल्या नेक्सॉन ईव्हीची मुख्य बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती, म्हणजे वीजबिलाच्या हिशेबाने तीस युनिटं. छोटी बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धरली तर तिच्यात जेमतेम अर्धं युनिट मावतं. हे अर्धं युनिट उतरलं की ती तीस युनिटं असून नसल्यासारखी.

मुख्य बॅटरी ३०० ते ४०० व्होल्टची असते, काही नव्या गाड्यांत तर ८०० व्होल्टची. गाडी बंद असताना एवढा दाब तारांमध्ये खेळता ठेवणं धोक्याचं. म्हणून बॅटरीच्या पेटीतच काँटॅक्टर नावाचे जाडजूड रिले, म्हणजे विजेने ओढले जाणारे स्विच, बसवलेले असतात. शेतातल्या मोटरपंपाचा स्टार्टर ज्यांनी हाताळलाय त्यांना हे लगेच उमगेल: लाइट गेली की कॉइल सुटते, संपर्क तुटतो, मोटर थांबते. गाडीतही कॉइलला १२ व्होल्ट मिळत असतील तोवरच मोठ्या बॅटरीचा रस्ता उघडा राहतो. अपघातात एअरबॅग फुटली की हाच पुरवठा तोडला जातो आणि अग्निशमन दलाचे जवानही आधी १२ व्होल्टची लाइन कापतात. ही रचना माणसं वाचवण्यासाठी आहे, म्हणून तिला मी दोष देणार नाही.

त्याची किंमत मात्र पार्किंगमध्ये मोजावी लागते. चार्जर लावून पाहिला तरी उपयोग होत नाही, कारण गाडीतला चार्जर जागा व्हायलाही १२ व्होल्टच लागतात. प्लग-इन हायब्रिडमध्ये टाकीत पेट्रोल असूनही हीच गत होते. टोयोटाच्या प्रियससारख्या हायब्रिड गाडीत इंजिन फिरवण्याचं काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते आणि मोठी बॅटरी तर कुलूपबंद.

या बिघाडाची आगाऊ चाहूल सहसा लागत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. जुन्या गाडीत सेल्फ मारला की घर्र-घर्र असा दमलेला आवाज यायचा, आठ-दहा दिवस आधी कळायचं. सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर लागतात, त्यामुळे अशक्त बॅटरी तिथेच उघडी पडते. इलेक्ट्रिक गाडीत या बॅटरीला फक्त कंप्युटर जागे करून काँटॅक्टर ओढायचे असतात. काही अँपिअरवर भागतं. त्यामुळे पार खंगलेली बॅटरीही कालपर्यंत काम करते आणि आज अचानक मान टाकते. कंपन्यांनी डॅशबोर्डवर या बॅटरीचे व्होल्ट दाखवायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे.

गाडी नुसती उभी असली तरी ती पूर्ण झोपत नाही. सिमकार्ड, अलार्म, चावीची वाट पाहणारा रिसीव्हर चालूच असतात. ५० मिलिअँपिअरची गळती धरली तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. वरून डॅशकॅम जोडला असेल किंवा मोबाइलच्या ॲपवरून तासातासाला गाडीची खबर घेतली जात असेल, तर आणखी लवकर उतरते. बऱ्याच गाड्या अधूनमधून जाग्या होऊन छोटी बॅटरी भरून घेतात, पण सगळ्या नाही. आणि विदर्भातल्या उन्हाळ्यासारखी उष्णता मिळाली की बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटा झपाट्याने झिजतात. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली तर प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे खडे कडक होतात, मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी भरत नाही.

गाडी ठप्प झालीच, तर रिमोट चावीच्या पोटात लपवलेली धातूची किल्ली काढून दार उघडायचं. मग टर्मिनल शोधायचे. प्रियसच्या काही पिढ्यांत बॅटरी मागे डिकीत असते आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं, म्हणून बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये जंपरसाठी, म्हणजे बाहेरून वीज जोडण्यासाठी, वेगळा पॉझिटिव्ह दिलेला असतो. टेस्ला मॉडेल ३ मध्ये पुढच्या बंपरवरच्या टो-हुकच्या झाकणामागे दोन तारा असतात. त्यांना १२ व्होल्ट दिले की पुढचं बॉनेट उघडतं. आपल्या गाडीत ही जागा कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवावं. रात्री घाटात मोबाइलच्या टॉर्चवर ती पानं चाळणं फार अवघड.

खिशात मावेल एवढा लिथियमचा बूस्टरही पुरतो, कारण सेल्फ फिरवायचाच नसतो. लाल क्लिप पॉझिटिव्हला लावायची. काळी शक्यतो बॅटरीपासून दूर, बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघत असेल तर ठिणगी घातक ठरते. नारिंगी केबल मोठ्या बॅटरीची, तिला हात लावायचा नाही. गाडी 'रेडी' झाली की डीसी-डीसी कन्व्हर्टर हा व्होल्ट उतरवणारा भाग मोठ्या बॅटरीतून छोटीला भरू लागतो. मात्र आपल्या गाडीवरून दुसऱ्याची डिझेल गाडी जंप करून देऊ नये. तिचा सेल्फ जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायला हा कन्व्हर्टर बनवलेला नसतो आणि अनेक मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट मना केलेलं असतं.

यानंतर टर्मिनलवर मल्टिमीटर लावून पाहावा. गाडी 'रेडी' असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. बाराच्या आसपासच घुटमळत असतील तर दोष बहुधा कन्व्हर्टरकडे आहे, बॅटरी बदलून उपयोग नाही. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ या गाड्या २०२४ साली भारतासह अनेक देशांत परत बोलावल्या गेल्या, त्या अशाच कारणाने: चार्जिंग सांभाळणारा भाग बिघडून १२ व्होल्टची बॅटरी उतरत होती.

बॅटरीच बदलायची असेल तर जुनी एजीएम (काचेच्या तंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणारी शिशाची बॅटरी) असल्यास नवीही एजीएमच घ्यावी आणि लिथियमच्या जागी शिशाची बसवू नये, दोघींचे चार्जिंगचे व्होल्ट वेगळे असतात. तीन वर्षं झाली की दर सर्व्हिसिंगला तिची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून केलेली तपासणी, मागून घ्यावी. गाडीबद्दल काहीही तक्रार नसली, तरीही.