हिवाळ्याचं गाणं कुठलं आणि सणाचं कुठलं?

डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी मुलांच्या कॉयरची, म्हणजे गायकवृंदाची, गाणी निवडायला बसलं की यादी बघता बघता तयार होते. बर्फाची दोन, नाताळची दोन, हनुका या ज्यू सणाचं म्हणून एक आणि शेवटी 'एखादं वेगळ्या भाषेतलं'. वर शीर्षक पडतं: बहुसांस्कृतिक हिवाळी गाणी. या यादीत दोन निराळ्या जातींची गाणी एकाच टोपलीत येऊन पडलेली असतात. ऋतूच्या गाण्यात थंडी असते, बर्फ असतो, लवकर पडणारा अंधार असतो. सणाच्या गाण्यामागे कथा असते, श्रद्धा असते आणि ते गाणं आपलं मानणारी माणसं असतात. मुलांनी दोन्ही गावीत, माझी ना नाही. पण दुसऱ्या जातीचं गाणं पहिल्या जातीचं म्हणून खपवलं की पंचाईत होते.

गोंधळाचं मूळ एवढंच, की आपण गाण्याचे शब्द वाचत नाही. ते कोणत्या महिन्यात कानावर पडतं यावरून त्याची जात ठरवतो. 'जिंगल बेल्स'च घ्या. जेम्स लॉर्ड पिअरपाँट यांचं हे गाणं १८५७ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं, तेही वेगळ्याच नावाने. त्यात येशू नाही, सांताक्लॉज नाही, नाताळ हा शब्दसुद्धा नाही. एका घोड्याची घसरगाडी आहे, वेगाची मजा आहे आणि गाडी बर्फात उलटते. शब्दांनी पाहिलं तर निव्वळ हिवाळ्याचं गाणं. तरी ज्या घरात नाताळ साजरा होत नाही तिथल्या मुलाला ते नाताळचंच वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही. सवयीने चिकटलेला अर्थ हाही अर्थच. म्हणून 'आम्ही धार्मिक काही घेतलं नाही' असं म्हणत यादीभर अशीच गाणी भरली, तर ऐकणाऱ्याला शेवटी नाताळचाच कार्यक्रम ऐकू येतो.

'सायलेंट नाइट'चं उलटं आहे. चाल अंगाईची, त्यामुळे ते थंडीतल्या शांत रात्रीचं गाणं म्हणून सहज आत शिरतं. शब्द मात्र सरळसरळ ख्रिस्तजन्माचे आहेत. योझेफ मोर या पाद्र्याचे शब्द, फ्रांत्स ग्रूबर यांची चाल, आणि १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये गिटारच्या साथीने ते पहिल्यांदा गायलं गेलं. ते घ्यायचं तर भक्तिगीत म्हणूनच घ्यावं. आणि दिसतं तितकं ते सोपंही नाही. शेवटच्या ओळींत चाल तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत चढते आणि मग खालच्या षड्जावर येऊन टेकते. पट्टी वर घेतली तर लहान मुलं चढताना ओरडतात, खाली घेतली तर शेवटचा सा घशातच राहतो.

माझ्या मते सर्वात जास्त गैरसमज ज्याच्या वाट्याला आला ते गाणं युक्रेनचं आहे. 'कॅरल ऑफ द बेल्स' या नावाने जगभरचे कॉयर जे गातात ते मुळात 'श्चेड्रिक'. जुन्या लोकगीताच्या धाग्यावर मिकोला लिओंतोविच यांनी त्याची कॉयरसाठी रचना केली आणि १९१६ मध्ये ती कीव्हमध्ये गायली गेली. चार स्वरांचा एकच तुकडा फिरत राहतो: कोमल गंधार, रिषभ, पुन्हा कोमल गंधार, षड्ज. मुलांना तो एका तालमीत बसतो. अवघड असतं ते इतर आवाज भोवती वाढत असताना त्याला धरून राहणं. गाण्यात एक भिंगरी पक्षी उडत येतो आणि घरधन्याला सांगतो, बाहेर ये, कोकरं जन्मली आहेत, हे वर्ष भरभराटीचं जाईल. भिंगरी हिवाळ्यात कुठून आली? तिथलं जुनं नववर्ष वसंतात सुरू व्हायचं म्हणून. घंटा आणि नाताळ हे सगळं १९३६ च्या इंग्रजी शब्दांतलं, पीटर विल्हौस्की यांनी घातलेलं. म्हणजे वसंताचं गाणं नववर्षाचं झालं आणि शब्द बदलून नाताळचं. मी मूळ शब्दच शिकवायला सांगेन. उच्चारांना वेळ लागतो, लागू दे.

पंचांगही दगा देतं. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. तिचं गाणं 'हिवाळी' या नावाखाली दरवर्षी बसत नाही. चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं, पण तिथे त्याला म्हणतात वसंतोत्सव. आणि ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात.

हनुकासाठी बहुधा भोवऱ्याचं एखादं बालगीत घेतलं जातं. गोड असतं, पण ते खेळाचं गाणं. मेणबत्त्या लावल्यावर घरात म्हटलं जाणारं 'माओझ त्सूर' हे मध्ययुगीन स्तोत्र. एकाच सणात खेळाचं आणि भक्तीचं, अशी दोन्ही गाणी आहेत. तिसरं एक, 'ओचो कांदेलिकास', अनेकदा पारंपरिक म्हणून छापलं जातं. प्रत्यक्षात ते सारायेव्होत जन्मलेल्या फ्लोरी जगोदा यांनी लादिनो या ज्यूंच्या स्पॅनिशसारख्या भाषेत १९८३ मध्ये रचलं. 'पारंपरिक' वाचून निर्धास्त होऊ नका. गाण्याची परवानगी आणि मानधन हे प्रश्न तिथे येतात.

नाताळचे शब्द काढून तिथे 'हिवाळा' घालणं मला अजिबात पटत नाही. ज्यांचं गाणं आहे त्यांना ते पोकळ वाटतं आणि ज्यांचं नाही त्यांना फसवल्यासारखं. त्यापेक्षा गाणं जसं आहे तसं घ्यावं आणि तालमी सुरू होण्याआधीच घरी कळवावं. एखाद्या मुलाला प्रार्थना म्हणायची नसेल, तर ते कार्यक्रमाच्या दिवशी कळून उपयोग नाही. आणि वर्गात एकच ज्यू मूल असेल तर हनुका समजावून सांगायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. ते शिक्षकाचं काम.

कार्यक्रमपत्रिकेत गाण्याच्या नावाखाली एक ओळ पुरते. 'श्चेड्रिक'खाली मी लिहीन: युक्रेनमधलं नववर्षाचं गाणं, यात घंटा नाहीत, भिंगरी आहे.