चामखीळ, यीस्ट आणि मुलग्यांची लस

"मावशी, मला कुठे गर्भाशय आहे? मग मला कशाला टोचायचं?" तेरा वर्षांच्या माझ्या भाच्याने फोनवर विचारलं. त्याच्या धाकट्या बहिणीला एचपीव्हीची (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूविरुद्धची) लस द्यायला घरचे घेऊन गेले, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी "मुलालाही देऊन टाका" असं सुचवलं होतं. घरी आल्यावर आईने त्याला "गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस" एवढंच सांगितलं, आणि बाबा पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले. पोराचा प्रश्न अगदी रास्त होता.

हा गोंधळ नावापासूनच सुरू होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या देशी लसीचं नाव सर्व्हाव्हॅक. ते ‘सर्व्हिक्स’वरून, म्हणजे गर्भाशयमुखावरून आलं. पण २०२२ साली या लसीला मान्यता मिळाली ती ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे, दोघांसाठी. कारण लस अडवते विषाणूला, आणि विषाणू समोर मुलगा आहे की मुलगी हे बघत नाही.

मी भाच्याला म्हटलं, गर्भाशय राहू दे बाजूला, तुझ्या अंगठ्यावरची चामखीळ आठव. आजीने तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला होता. काही महिन्यांनी चामखीळ गेली आणि श्रेय केसाला मिळालं. खरं तर बहुतेक चामखिळी आपोआपच जातात, कारण शरीराची प्रतिकारशक्ती उशिरा का होईना जागी होते. केस न बांधलेल्यांच्याही जातात, पण त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. ही चामखीळ एचपीव्हीमुळेच होते. या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातापायांवर चामखीळ आणणारे वेगळे, शरीरसंबंधातून पसरणारे वेगळे. त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे सर्वांत घातक. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग या दोघांमुळे होतात. पुरुषांमध्ये हेच विषाणू घशाचा, गुदद्वाराचा आणि लिंगाचा कर्करोग घडवू शकतात.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. हा विषाणू रक्तात उतरतच नाही. त्वचेवर किंवा आतल्या नाजूक अस्तरावर डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पडतो, तिथून तो सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत शिरतो. त्या पेशी वर सरकत सरकत शेवटी झडून जातात, आणि त्यांच्याबरोबर नवे विषाणू बाहेर पडतात. पेशी फुटत नाही, सूज नाही, ताप नाही. त्यामुळे रोगप्रतिकारक यंत्रणेला चाहूलच लागत नाही. संसर्ग होऊन गेलेल्या कित्येक पुरुषांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, सापडतच नाहीत. म्हणजे "एकदा होऊन जाऊ दे, आपोआप ताकद येईल" हा हिशेब इथे, त्यातही मुलग्यांच्या बाबतीत, चुकतो.

लस काय करते? विषाणूच्या बाहेरच्या कवचात एल-१ नावाचं प्रथिन असतं. पाच एल-१ एकत्र आले की सदाफुलीसारखं पाच पाकळ्यांचं फूल होतं, आणि अशी ७२ फुलं जुळून गोल कवच बनतं. एकूण ३६० रेणू, आणि तो गोळा मिलिमीटरच्या सुमारे अठरा हजाराव्या भागाएवढा. एल-१चं जनुक यीस्टमध्ये (पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या जातीत) घातलं की यीस्ट ते प्रथिन बनवतं आणि गोळे आपसूक जुळतात. सुरुवातीला प्रयोगशाळेत ते नीट जुळत नव्हते. १९९३ साली कारण कळलं: सगळे वापरत होते तो विषाणूचा नमुना कर्करोगाच्या गाठीतून घेतलेला होता, आणि त्याच्या एल-१ प्रथिनाच्या साखळीत २०२व्या जागी हिस्टिडिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल बसलेलं होतं. एका अमिनो आम्लाचा फरक! तो दुरुस्त केल्यावर भरघोस गोळे मिळू लागले.

हे कवच आतून रिकामं असतं. विषाणूचा डीएनए नाही, म्हणून संसर्गही नाही. वंध्यत्व येतं ही अफवाही निराधार आहे. पण एकसारखी, दाटीवाटीने बसलेली फुलं दिसली की प्रतिपिंडं बनवणाऱ्या आपल्या बी पेशी खडबडून जाग्या होतात, आणि नैसर्गिक संसर्गाच्या कितीतरी पट प्रतिपिंडं तयार होतात. पुढे कधी ओरखडा पडला की ती रक्तातून तिथे पाझरतात. विषाणूला पेशीत शिरायला काही तास लागतात, तेवढ्यात ती त्याला गाठतात. आधीच शिरलेल्याला मात्र लस बाहेर काढू शकत नाही. म्हणून ती लवकर, शरीरसंबंधांचा प्रश्नही उद्भवण्याआधी द्यायची.

या लसीच्या जाहिरातींबद्दल एक सांगायलाच हवं. अमेरिकेत एचपीव्हीमुळे होणारे पुरुषांच्या घशाचे कर्करोग आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगापेक्षा जास्त आहेत. पण आपल्याकडे तोंडाचा कर्करोग प्रामुख्याने तंबाखू आणि सुपारीने होतो. त्यावर ही लस उपाय नाही, आणि तसं सांगून ती विकणं चूक आहे. भारतात २०२२ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने सुमारे ८० हजार स्त्रिया गेल्या. पैसे एकाच्याच लसीचे असतील तर आधी मुलीला द्या, असं मी बेधडक सांगेन. जमत असेल तर मुलालाही द्या. ऑस्ट्रेलियाने २००७ साली मुलींपासून सुरुवात केली आणि २०१३ पासून मुलग्यांनाही घेतलं. गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणाऱ्या पॅप चाचणीसारखी तपासणी घशाच्या या कर्करोगासाठी नाही, त्यामुळे मुलग्यांच्या हातात आधीचा बचाव म्हणजे ही लसच आहे.

भाच्याला मी शरीरसंबंधांचंही सरळ शब्दांत सांगितलं. तो लाजला, पण ऐकत राहिला. मग त्याने खरा प्रश्न विचारला: दुखतं का? दंडात टोचतात, थोडं दुखतं, आणि नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, कारण या वयात कधीकधी भोवळ येते. पंधरा वर्षांच्या आत दोन डोस पुरतात. त्याचा पहिला मे महिन्यात झाला. दुसरा नोव्हेंबरात आहे, आणि त्या दिवशी बाबा रजा काढून त्याच्यासोबत जाणार आहेत.